एका मतदारसंघात पंचवीस माणसं: निवडणूक सर्वेक्षणाचा आकडा कसा वाचायचा

२०२७ ची विधानसभा निवडणूक जसजशी जवळ येते आहे, तसतसे मोबाइलवर रंगीत पट्ट्यांचे तक्ते फिरू लागले आहेत. या पक्षाला इतक्या जागा, त्या पक्षाला इतक्या, आणि खाली बारीक अक्षरात नमुन्याचा आकडा. परवा फोंड्याच्या बाजारात भाजी-पाव खात बसलो होतो, तर शेजारच्या टेबलावर अशाच एका तक्त्यावरून वाद पेटला होता. एकाचं म्हणणं, हे सगळं पैसे देऊन करवून घेतात. दुसरा म्हणत होता, आमच्या वाड्यावर तर कोणी विचारायला आलंच नाही. तिसऱ्याने त्या तक्त्यावरून पुढचं सरकार कोणाचं हेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

कॉलेजात असताना एका अभ्यासासाठी मी पेडणे तालुक्यात दारोदार फिरून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. तेव्हापासून टक्केवारी दिसली की ती कोणत्या दारातून आली असेल, कोणी कोणाला आणि कोणासमोर विचारलं असेल, हे आधी मनात येतं. त्या टेबलावरच्या तिघांना जे सांगावंसं वाटलं, ते इथे लिहितो आहे.

## आधी शब्दाचा घोळ सोडवू

गोव्यात ‘ओपिनियन पोल’ म्हटलं की जाणत्या माणसांना १६ जानेवारी १९६७ आठवते. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, यावर त्या दिवशी मतदान झालं. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित प्रदेशाला दोन पानं. १,७२,१९१ मतं दोन पानांना पडली आणि १,३८,१७० फुलाला. नाव ओपिनियन पोल असलं तरी ते सर्वेक्षण नव्हतं. ज्याला मताचा हक्क होता अशा प्रत्येकाला तिथे विचारलं गेलं होतं. म्हणून त्याला जनमत कौल म्हणणं बरोबर.

आज आपण ज्याला ओपिनियन पोल म्हणतो ते मतदानाआधीचं सर्वेक्षण. त्यात थोड्याच लोकांना विचारतात आणि त्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधतात. मतदान करून केंद्राबाहेर पडणाऱ्याला गाठून विचारलं तर तो एक्झिट पोल. आणखी एक तिसरा प्रकार आहे, त्याची चर्चा बाजारात फारशी होत नाही. मतदान झाल्यावर, पण मतमोजणीच्या आधी, अभ्यासक मतदाराच्या घरी जाऊन निवांत बसून विचारतात: मत कोणाला दिलं, का दिलं, कधी ठरवलं, रस्ता-पाणी-नोकरी यांतलं काय डोक्यात होतं. दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेचा ‘लोकनीती’ हा गट अशी राष्ट्रीय निवडणूक सर्वेक्षणं बरीच वर्षं करत आला आहे. तिथे कोण जिंकणार यापेक्षा लोक असं का वागले हा प्रश्न मोठा असतो. विद्यापीठांत ज्याला राजकीय वर्तनाचा अभ्यास म्हणतात तो हाच.

## ‘आमच्याकडे तर कोणी आलंच नाही!’

येणार तरी कसं? २०२२ मध्ये गोव्यात साडेअकरा लाखांवर मतदार होते. सर्वेक्षण हजार जणांचं असेल तर साधारण साडेअकराशे मतदारांमागे एकाचा नंबर लागतो. अख्ख्या वाड्यावर एकालाही विचारलं नाही, असं होणं अगदी स्वाभाविक आहे.

तुम्हाला विचारलं नाही याने काही बिघडत नाही. तुमचा नंबर लागण्याची शक्यता इतर कोणाइतकीच होती का, हे पाहावं लागतं. मतदारयादी घ्यायची, चिठ्ठी टाकून सुरुवातीचं एक नाव काढायचं आणि मग ठरावीक अंतरावरचं एकेक नाव उचलत जायचं, ही अभ्यासकांची नेहमीची रीत. यादीत पंच असो, पदेर (पाववाला) असो की जहाजावरचा तारवटी (खलाशी) असो, चिठ्ठी ओळख पाहत नाही. अशा निवडीला यादृच्छिक निवड म्हणतात. शब्द अवघड आहे, म्हणून यापुढे मी चिठ्ठीची निवड एवढंच म्हणेन.

## हजारांवरून अकरा लाखांचं कसं कळतं?

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. हुमणाला (माशाच्या आमटीला) मीठ बरोबर आहे का हे पाहायला चमचाभर पुरतं. घरातला लहान टोप असो की लग्नातलं मोठं भांडं, चमचा तेवढाच लागतो. भांडं मोठं म्हणून कोणी वाटीभर चाखत नाही. पण ढवळलेलं मात्र हवं. मीठ तळाशी बसलं असेल तर वरचा चमचा दहादा चाखूनही फसवणारच. मतदारांच्या बाबतीत हे ढवळणं चिठ्ठीची निवड करते.

ढवळलं नाही तर काय होतं याचं जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं, १९३६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचं. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रं पाठवली. तेवीस लाखांवर उत्तरं आली. एवढ्या प्रचंड संख्येच्या बळावर त्यांनी सांगितलं की तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट हरणार आणि त्यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मतं पडली, ४८ पैकी ४६ राज्यं त्यांनी जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांमधून. मंदीच्या काळात टेलिफोन आणि मोटार कोणाकडे होती, हे वेगळं सांगायला नको. त्यातही सरकारवर चिडलेल्यांनी उत्साहाने उत्तरं धाडली. त्याच वेळी सर्वेक्षणं करणारे जॉर्ज गॅलप यांनी सुमारे पन्नास हजार लोकांवरून विजेता बरोबर सांगितला.

पण हेच गॅलप १९४८ मध्ये चुकले. त्यांच्या माणसांना कोटा ठरवून दिलेला असे, इतके पुरुष, इतक्या बायका, अमुक वयाचे, अमुक कमाईचे. त्या कोट्यातली माणसं कोणती घ्यायची, हे मात्र विचारणाऱ्याने आपल्या सोयीने ठरवायचं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उभं राहून दहा बायका आणि दहा पुरुष गाठले तर कोटा भरेल. पण जी माणसं शुक्रवारी बाजारात येत नाहीत, ती सगळी सुटतील. बांगडा मासळीची पाटी वरच्या थरावरून पारखण्यासारखंच हे.

आता नमुन्याच्या आकाराचं गणित. चिठ्ठीने शंभर जण निवडले तर टक्केवारी दहाने इकडे-तिकडे होऊ शकते. चारशे निवडले तर पाचने, हजार निवडले तर तीनने, अडीच हजार निवडले तर दोनने. म्हणजे चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात, आणि खर्चही जवळजवळ चौपट. या इकडे-तिकडेला त्रुटीची मर्यादा म्हणतात. एका पक्षाला ३५ टक्के आणि दुसऱ्याला ३२ टक्के असा तक्ता हजार जणांवरून आला असेल, तर कोण पुढे आहे हे त्या तक्त्याला ठाऊकच नसतं. एकाचा आकडा वर सरकला तर दुसऱ्याचा खाली जाण्याचा संभव असतो, त्यामुळे दोघांमधल्या फरकाची मर्यादा तीनहूनही मोठी धरावी लागते. टीव्हीवरचा ठळक बाण हे सांगत नाही.

## मग गोव्यात अंदाज बांधणं इतकं अवघड का?

मूळ अडचण आपल्या भूगोलात आहे. गोव्यात विधानसभेच्या ४० जागा आहेत. हजार जणांचं सर्वेक्षण चाळीस मतदारसंघांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला आली पंचवीस माणसं. पंचवीस जणांवरून काढलेली टक्केवारी वीसने इकडे-तिकडे होऊ शकते. दोन हजार जण घेतले तरी मतदारसंघामागे पन्नासच होतात, आणि मर्यादा चौदाच्या आसपास राहते. राज्यभरच्या मतांचा कल हजारांवरून सांगता येतो. पेडण्याची जागा, काणकोणची जागा, अशा चाळीस वेगवेगळ्या जागा सांगता येत नाहीत.

आणि आपल्या जागा जातात कितीने? २०२२ मध्ये सांत आंद्रेत रिव्होल्युशनरी गोवन्स या पक्षाचा उमेदवार ७६ मतांनी निवडून आला. साखळीत मुख्यमंत्री प्रमोद सावंत ६६६ मतांनी जिंकले. पणजीत बाबूश मोन्सेरात यांनी उत्पल पर्रीकर यांचा ७१६ मतांनी पराभव केला. ७६ मतं म्हणजे एखाद्या वाड्यावरची दहा-पंधरा घरं. एवढा बारीक फरक सर्वेक्षणात पकडायचा तर मतदारसंघातल्या जवळजवळ प्रत्येकाला विचारावं लागेल, आणि तीच तर निवडणूक असते.

मतं आणि जागा यांचं गणित आपल्याकडे सरळ नाही, हीही एक अडचण आहे. २०१७ मध्ये भाजपला सुमारे साडेबत्तीस टक्के मतं मिळाली आणि जागा १३. काँग्रेसला अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास मतं आणि जागा १७. त्या वेळी एखाद्याने मतांची टक्केवारी दशांशापर्यंत अचूक काढली असती, तरी सर्वांत मोठा पक्ष कोणता हे सांगताना तो चुकला असता. टक्क्यांवरून जागा काढायच्या तर मधे एक हिशेब मांडावा लागतो: मागच्या वेळी कुठे किती मतं होती, यंदा वारं सगळीकडे सारखंच फिरलं असं धरायचं का, अपक्ष कोणाची मतं खाणार. यातली बरीच पदं अंदाजाची असतात. २०२२ मध्ये बहुतेक एक्झिट पोलनी त्रिशंकू विधानसभेचा रंग दाखवला होता. भाजपला २० जागा मिळाल्या, बहुमताला एकच कमी. म्हणून मी जागांच्या तक्त्यापेक्षा मतांच्या टक्केवारीवर अधिक भरवसा ठेवतो, आणि ज्या तक्त्यात टक्केवारी दिलेलीच नसते तो बाजूला सारतो.

## ‘लोक खरं कुठे सांगतात?’

हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. म्हणून इथे जरा थांबू.

खोटं बोलण्याआधीही पुष्कळ काही घडतं. गोव्यात दुपारी एक ते चार या वेळात दार ठोठावलं तर उघडणार कोण? सासष्टीत कित्येक घरांना कुलूप असतं, कारण घरची माणसं इंग्लंडमध्ये किंवा आखातात असतात. यादीतला माणूस भेटला नाही की विचारायला आलेला थकलेला पोरगा शेजारच्या घरातल्या माणसाकडून कागद भरून घेतो. नेहमी घरी सापडणारी माणसं नमुन्यात वाढतात आणि कामावर गेलेली कमी होतात. चांगल्या सर्वेक्षणात त्याच माणसाकडे पुन्हा जातात, संध्याकाळी जातात, रविवारी जातात. तरीही एखादा गट कमी पडला तर हिशेबात त्याच्या उत्तरांना जास्त वजन देतात. पण जो गट मुळात सापडलाच नाही, त्याला वजन तरी कसलं देणार?

पेडण्यात मला पुन्हा पुन्हा आलेला अनुभव असा. यादीत आजीचं नाव असायचं. आजी तुळशीपाशी बसलेली असायची. विचारलं की म्हणायची, “म्हाका कितें कळटा? पुताक विचार.” मुलगा बाहेर येऊन धडाधड उत्तरं द्यायचा. ती लिहून घेतली की माझा कागद भरायचा, पण आजीच्या नावावर मुलाचं मत चढायचं. पहिल्या दिवशी मी तसे दोन-तीन कागद भरले. आमच्या बाईंनी ते बाजूला काढले आणि मला पुन्हा पाठवलं. आजीशी आधी काजूच्या पिकाबद्दल, मग नळाच्या पाण्याबद्दल बोललो. हळूहळू कळलं की तिला सगळं कळत होतं आणि तिचं मत मुलाहून वेगळं होतं. मुलगा विहिरीवर गेला तेव्हा ते बाहेर आलं.

शेजारी कोण उभं आहे याने उत्तर बदलतं. विचारणाऱ्याचं आडनाव, धर्म, गाव यानेही बदलतं. गोव्यात तर भाषेनेही बदलेल. मराठीला राजभाषेचा दर्जा मिळावा का, हा प्रश्न एकाने शुद्ध मराठीत विचारला आणि दुसऱ्याने कोकणीत, तर समोरच्या माणसाला विचारणारा कोणत्या बाजूचा हे आधीच कळल्यासारखं होईल. आपली माणसं सौजन्याने पाहुण्याला आवडेल तेच बोलतात. माझी भाषा मराठी आहे म्हणून मला मराठीच्या बाजूची उत्तरं जास्त मिळतील, आणि ती मला आवडतीलही, पण त्यांवर विसंबून चालणार नाही. असा अभ्यास करायचा तर विचारणारे दोन्ही भाषांतले हवेत, कोणाच्या वाट्याला कोण येईल हेही चिठ्ठीने ठरावं, आणि रोमी (रोमन) लिपीत कोकणी वाचणाऱ्यांसाठी तीच प्रश्नावली रोमीत हवी.

मत कोणाला दिलं, हे तोंडाने सांगायला माणूस कचरतो. त्यावर साधा उपाय आहे. नमुना मतपत्रिका हातात द्यायची, बंद पेटी समोर ठेवायची, विचारणाऱ्याने तोंड फिरवायचं. लोकनीतीच्या सर्वेक्षणांत ही पद्धत वापरतात. आवाज न करता दिलेलं उत्तर जास्त खरं असतं.

त्याहून नाजूक प्रश्न, ‘मतासाठी पैसे घेतले का?’, हा कसा विचारायचा? त्यावर स्टॅन्ली वॉर्नर या अमेरिकन संशोधकाने १९६५ मध्ये एक वाट दाखवली. आज तिची अनेक रूपं आहेत. त्यांतलं एक असं. उत्तर देणाऱ्याच्या हातात लुडोचा फासा द्यायचा. तो त्याने लपवून टाकायचा. एक पडला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. सहा पडला तर काहीही असो, ‘नाही’ म्हणायचं. दोन ते पाच पडले तरच खरं सांगायचं. आता कोणी ‘हो’ म्हणालं तर ते फाशामुळे की पैशांमुळे, हे विचारणाऱ्यालाही कळत नाही. माणूस सुरक्षित राहतो.

समजा सहाशे जणांना असं विचारलं आणि दोनशे ‘हो’ आले. सहाशेत साधारण शंभर जणांना एक पडला असणार, त्यांचे ‘हो’ फाशाचे. शंभर जणांना सहा पडला असणार. उरलेल्या चारशेंनी खरं सांगितलं आणि त्यांतून शंभर ‘हो’ आले. म्हणजे चारात एक. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. पण एकाही माणसाचं गुपित न उघडता गावाचं खरं बाहेर येऊ शकतं, हे मला आजही थक्क करतं.

## निकाल लागलाच आहे, मग विचारायचं कशाला?

मत गुप्त असतं. मोजणीतून बाहेर येते ती फक्त बेरीज. तरी निकालाच्या दुसऱ्या दिवशी आपण ठामपणे बोलू लागतो: अमुक तालुक्यात अमुक समाज जास्त, तिथे अमुक पक्ष आला, म्हणजे त्या समाजाने त्यालाच मत दिलं. ही उडी धोक्याची आहे. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून दाखवलं की ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरता जास्त. मात्र एकेक माणूस पाहिला तर परदेशात जन्मलेल्यांमध्ये साक्षरता कमीच होती. ते लोक मुळात जास्त शिकलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते. तसंच डिचोली किंवा सासष्टीच्या बेरजेवरून एकेका मतदाराचं मन वाचता येत नाही. त्यासाठी त्याच्या दारात जावं लागतं.

## ‘सर्वेक्षणांवर बंदीच घाला’

काही बंधनं आहेतच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ नुसार मतदान सुरू झाल्यापासून ते संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करता येत नाही. मतदान अनेक टप्प्यांत असेल तर शेवटच्या टप्प्यापर्यंत थांबावं लागतं. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत मतदानपूर्व सर्वेक्षणंही दाखवता येत नाहीत.

सरसकट बंदी मला पटत नाही. बंदी घातली तर पक्ष स्वतःसाठी सर्वेक्षणं करवून घेतच राहतील आणि आकडे फक्त त्यांच्याकडे असतील. त्याऐवजी पैसे कोणी दिले, माणसं यादीतून चिठ्ठीने काढली की रस्त्यावर गाठली, किती जणांनी उत्तर द्यायला नकार दिला, प्रश्न नेमका कोणत्या शब्दांत आणि कोणत्या भाषेत होता, हे छापल्याशिवाय आकडा छापू नये, असा दंडक वर्तमानपत्रांनी स्वतःवर घालून घ्यावा. फोंड्याच्या त्या पहिल्या माणसाचा संशय खरा की खोटा, हे तपासायला एवढं पुरतं. पैसे घेऊन रचलेल्या तक्त्यामागे ही उत्तरं बहुधा नसतातच.

## फूल, पान आणि सिंह

१९६७ कडे पुन्हा येतो, कारण ते कोडं मला सोडत नाही. जानेवारीत गोव्याने विलीनीकरण ३४,०२१ मतांनी नाकारलं. मार्च महिन्यात विधानसभेची निवडणूक झाली आणि ३० पैकी १६ जागा मिळाल्या सिंह ही निशाणी असलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, ज्याने विलीनीकरणासाठी जिवाचं रान केलं होतं. भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. तेच मतदार आणि तीच गावं, मधे जेमतेम दोन-अडीच महिने.

बेरीज पाहून याची निदान तीन उत्तरं देता येतात. काहींनी जानेवारीत दोन पानांवर आणि मार्चमध्ये सिंहावर शिक्का मारला असेल. विरोधी मतं मोजक्या मतदारसंघांत साचून वाया गेली असतील. किंवा दोन्ही वेळा मतदानाला गेलेली माणसंच थोडी वेगळी असतील. यांतलं कोणतं किती, हे निकालाचे कागद कितीही उलगडले तरी सापडत नाही.

आमच्या गावात एक आजोबा आहेत, त्या वेळी नुकतेच एकवीस पूर्ण झालेले. ते सांगतात, मी आधी पानांवर मारला आणि मग सिंहावर. गोवा वेगळा राहायला हवा होता आणि कुळांच्या बाजूने भाऊ उभे होते, त्यांना यात कुठेच विसंगती दिसत नाही. ऐकताना वाटतं, कोडं सुटलं. पण साठ वर्षांनंतर माणूस आपलं जुनं मत पुढे जे घडलं त्याच्याशी जुळवून आठवतो, हे सर्वेक्षणं करणाऱ्यांना वारंवार दिसलं आहे. शिवाय ते एकटे आहेत, आणि मी त्यांना चिठ्ठीने निवडलेलं नाही. त्या दोन्ही वेळा मत दिलेली माणसं आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. त्यांच्याकडे कोणी वही घेऊन जाणार असेल तर दुपारची वेळ टाळून जावं, आणि मुलाला बाहेर बसवून विचारावं.